जपानची उसनी अक्षरे

इ. स. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस कायमचा पडला, आणि ज्या छावणीला आम्ही अद्यापही ‘लष्कर’ याच नावाने ओळखतो तिच्यात दफ्तराचे रुमाल सुटू लागले, तेव्हा मांडीवर कागद घेऊन मोडीत पत्र लिहिणारा मराठी कारकून सालाच्या जागी ‘इहिदे अशर मयातैन व अलफ’ असे शब्द शिरस्त्याप्रमाणे घालीत असे. शब्द अरबी, लिपी मोडी आणि पत्राची भाषा मराठी. इहिदे म्हणजे एक, अशर म्हणजे दहा, मयातैन म्हणजे दोनशे व अलफ म्हणजे हजार, अशी बेरीज करून १२११ हे शुहूर सन निघते, आणि त्यात ५९९ मिळवले म्हणजे इसवी सन हाती लागतो. त्याच पत्रात तिथीच्या जागी ‘श्रावण शु॥ ५’ असे असेल तर तो आकडा ‘पंचमी’ म्हणून वाचावयाचा, रकमेच्या जागी तोच आला तर ‘पाच’ म्हणावयाचे, आणि सालात ती संख्या यावयाची झाली तर तिथे ‘खमस’ लिहावयाचे, ही व्यवस्था त्याला कोणी समजावून द्यावी लागत नसे. आनंदराव भाऊ फाळके यांनी संपादिलेल्या ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ या संग्रहाची पाने चाळणाऱ्याला हा प्रकार पदोपदी आढळेल, आणि थोड्याच वेळात त्याचे नवलही वाटेनासे होईल.

नवल वाटेनासे होते याचे कारण असे की आपण स्वतः दिवसभर तेच करीत असतो. लष्करातील जयेंद्रगंज या वस्तीतील मराठी घरात दारावरचा १२ हा आकडा ‘बारा’ असतो आणि पत्र घेऊन आलेल्या टपालवाल्याच्या तोंडी तोच ‘बारह’ होतो. आकड्याला स्वतःचा असा उच्चार नाही, अर्थ मात्र निश्चित आहे. आपण ‘१ला’ लिहितो आणि ‘पहिला’ वाचतो. ‘एकला’ असे कोणी वाचीत नाही. त्यापुढील ‘ला’ हे शेपूट ‘ली’, ‘ले’, ‘ल्या’ असे लिंगवचनाप्रमाणे बदलते, पण आकडा जागचा हलत नाही. त्याहून मौजेची गोष्ट जुन्या चोपड्यांत दिसते. तेथीलच दाल बाजारातील आडत्याच्या वहीत १॥ मण आणि २॥ मण अशा नोंदी असत, आणि एक व अर्धा या दोन खुणांचे वाचन ‘एक-अर्धा’ असे न करता ‘दीड’, तसेच दुसऱ्याचे ‘अडीच’, हिंदी बोलणाऱ्याचे ‘ढाई’, असे त्या जोडीला मिळून एकच नाव देऊन होत असे. किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिराचा शिलालेख विक्रम संवत् ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७६ चा, त्यात देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची लांबी २७० हात, रुंदी १८७ हात आणि रोजच्या माळा ५० असे आकडे कोरलेले असून शून्यासहित स्थानमूल्याने लिहिलेल्या आपल्या देशातील जुन्यात जुन्या निश्चित कालाच्या लेखांत त्याची गणना होते. तो लेख कोरणाऱ्याच्या तोंडी त्या आकड्यांची कोणती नावे होती याची फिकीर न करता आम्ही आज ते मराठीत वाचू शकतो.

अंकांपुरती जी मुभा आपण घेतली आहे तीच मुभा जपानी लोकांनी डोंगर, पाणी, झाड, जाणे, जन्मणे, दुःख, सरकार अशा यच्चयावत् शब्दांच्या बाबतीत घेतली, एवढे ध्यानात धरले म्हणजे जपानी लेखनातील चिनी अक्षरांचे अर्धेअधिक गूढ उकलते.

या अक्षरांना जपानीत कांजी म्हणतात, म्हणजे चीनमधील हान लोकांची अक्षरे. आमच्या बाजूला होळीच्या दिवसांत मिळणाऱ्या राईच्या आंबट कांजीशी त्यांचा काही एक संबंध नाही. त्यांतील एक साधे अक्षर येथे शब्दांनी रेखाटून पाहू. प्रथम एक आडवी रेघ ओढावी, तिला छेदणारी एक उभी रेघ वरून खाली आणावी, आणि छेदाच्या बिंदूपासून एक डावीकडे व एक उजवीकडे अशा दोन रेघा फांद्यांप्रमाणे खाली उतरवाव्या. चार रेघांत झाड तयार होते. त्याच्या बुंध्याशी एक लहानशी आडवी रेघ दिली की ‘मूळ’ हा अर्थ होतो, आणि त्यावरूनच ‘ग्रंथ’ हाही. शेंड्याजवळ दिली की ‘टोक’ किंवा ‘अखेर’. दोन झाडे शेजारी काढली तर वन, दोहोंवर तिसरे चढवले तर घनदाट अरण्य, आणि झाडाला टेकून माणूस काढला तर विश्रांती. परंतु सगळीच अक्षरे अशी चित्रमय असतात ही समजूत पर्यटकांच्या पुस्तकांतून पसरली आहे. बहुतांश अक्षरांत एक भाग अर्थाची दिशा दाखवतो व दुसरा चिनी उच्चाराची: ‘सेइ’ असा उच्चार सुचवणारा एकच अवयव पाण्याच्या खुणेशी जोडला तर निर्मळ, सूर्याच्या खुणेशी जोडला तर निरभ्र आकाश, आणि वाणीच्या खुणेशी जोडला तर विनंती, असे तीन शब्द होतात आणि तिघांचाही उच्चार ‘सेइ’ राहतो.

पाण्याचे अक्षर एकटे आले तर जपानी माणूस ‘मिझु’ असे वाचतो, कारण पाण्याला त्याच्या मायबोलीतील तोच शब्द आहे. परंतु तेच अक्षर दुसऱ्याशी जोडून सामासिक शब्द झाला की ‘सुइ’ असा चिनी वळणाचा उच्चार पुढे येतो, आणि नळाच्या पाण्याच्या योजनेला ‘सुइदो’ म्हणतात. पहिल्या वाचनाला कुन व दुसऱ्याला ओन अशी नावे आहेत. मराठीतही घरात पाणी आणि कचेरीत जलसेचन, घरात डोळे आणि रुग्णालयाच्या पाटीवर नेत्र, असा व्यवहार आपण निमूटपणे चालवतो. फरक एवढाच की आपण पाणी व जल हे दोन शब्द दोन तऱ्हांनी लिहितो आणि जपानी माणूस दोहोंना एकाच खुणेने दर्शवून, आजूबाजूचा मजकूर पाहून, कोणता उच्चार करावयाचा ते ठरवतो.

ही उसनवारी केव्हा सुरू झाली याचे काही दाखले जमिनीतून वर आले आहेत. १७८४ साली फुकुओकाजवळच्या शिकानोशिमा बेटावर एका शेतकऱ्याला सोन्याचा लहानसा शिक्का सापडला, त्यावर पाच चिनी अक्षरे आहेत, इ. स. ५७ मध्ये हान सम्राटाने जपानमधील एका राजाला शिक्का बहाल केल्याची नोंद चिनी बखरीत असून हा तोच असे मानले जाते. परंतु शिक्का मिळाला म्हणजे लिहिता आले असे नव्हे. सैतामा प्रांतातील इनारियामा या टेकडीवजा थडग्यातून १९६८ साली निघालेल्या लोखंडी तलवारीवरचा गंज क्ष-किरणांनी तपासला असता १९७८ मध्ये तिच्या पात्यावर सोन्याच्या तारेने बसवलेली ११५ अक्षरे उजेडात आली. तिचा काळ बहुसंख्य अभ्यासक इ. स. ४७१ धरतात. एका सरदाराने आपल्या आठ पिढ्यांची वंशावळ आणि राजाच्या पदरी केलेली चाकरी तीत नमूद केली आहे. मजकूर चिनी भाषेत आहे. पण राजाचे नाव वाकाताकेरू, आणि ते चिनीत लिहिणार कसे? तेव्हा अक्षरांचा अर्थ सोडून देऊन केवळ उच्चारासाठी ती एकापुढे एक मांडली. पुढील सगळ्या खटाटोपाचे बीज त्या तलवारीवर आहे.

अडचण भाषेच्या घडणीतच होती. चिनी भाषेत विभक्तीचे प्रत्यय नाहीत, धातूंची रूपे चालत नाहीत, आणि क्रियापद कर्माच्या आधी येते. जपानी भाषेचे सगळे आपल्यासारखे. ‘वाताशी वा होन ओ योमु’ या वाक्यातील शब्द ओळीने घेतले तर ‘मी पुस्तक वाचतो’ हेच मराठी वाक्य उभे राहते, शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून येतात, आणि क्रियापद शेवटी. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा शहरातील अन्य वर्गांत जपानी शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना वाक्यरचना चटकन साधते ती यामुळेच. त्यांचे घोडे अडते ते कांजीपाशी. १९८४ पासून चालू असलेल्या जपानी भाषेच्या पात्रता परीक्षेच्या वरच्या पायऱ्यांवर व्याकरणात तरबेज असलेले विद्यार्थीही अक्षरांच्या ओझ्याने मेटाकुटीस येतात, ही तक्रार पुण्यात कोणत्याही जपानीच्या शिक्षकाकडून ऐकावयास मिळते.

चिनी ग्रंथ वाचताना जपानी पंडितांनी जो तोडगा काढला तो आपल्या पाठशाळांना अपरिचित नाही. श्लोकातील पदे छंदासाठी विस्कटलेली असतात, म्हणून शिकवणारे शास्त्री पदांच्या डोक्यावर १, २, ३ असे अन्वयांक घालीत. जपानी भिक्षूंनी चिनी ओळीच्या कडेला तसेच अंक व उलट फिरण्याच्या खुणा घातल्या, आणि त्या क्रमाने चिनी वाक्य ते जपानीत मोठ्याने वाचू लागले. समोर चिनी, तोंडात जपानी. प्रत्ययांचा मात्र चिनी ओळीत पत्ताच नसे. ते आठवावे म्हणून दोन ओळींच्या मधल्या अरुंद जागेत उच्चारदर्शक अक्षरे लिहावी लागत, आणि जागा अपुरी म्हणून अख्ख्या अक्षराऐवजी त्याचा एखादा कोपरा तेवढा लिहिण्याची रीत पडली. त्या कोपऱ्यांतून काताकाना ही अवयवलिपी निर्माण झाली.

दरम्यान स्वतःची भाषा लिहून काढण्याचीही निकड उत्पन्न झाली होती. इ. स. ७१२ मध्ये ‘कोजिकी’ हा पुराणेतिहास सम्राज्ञीपुढे सादर करताना ओ नो यासुमारो याने प्रस्तावनेत आपली पंचाईत निवेदन केली आहे: केवळ अर्थाप्रमाणे अक्षरे योजावीत तर मूळ शब्दांचा भाव उतरत नाही, केवळ उच्चाराप्रमाणे योजावीत तर मजकूर भलताच लांबतो, म्हणून त्याने दोहोंची भेसळ केली. जगात आजवर झालेल्या लिपीविषयक तडजोडींत इतकी टिकाऊ तडजोड क्वचितच झाली असेल, कारण तेराशे वर्षांनंतरही जपानी वर्तमानपत्र त्याच भेसळीने छापले जाते. आठव्या शतकातच सिद्ध झालेल्या ‘मान्योशू’ या सुमारे साडेचार हजार कवितांच्या संग्रहात तर लेखकांनी या खेळाची हौस पुरती भागवून घेतली. त्यात एके ठिकाणी ८१ ही संख्या लिहिलेली असते आणि ती ‘कुकु’ अशी वाचावयाची असते, कारण जपानीत नऊला ‘कु’ म्हणतात आणि नवे नवे एक्क्याऐंशी. तसेच १६ लिहून ‘शिशी’ वाचावयाचे, कारण चारला ‘शि’ म्हणतात आणि चोक चोक सोळा. आमच्याकडे पाढे घोकणाऱ्या पोरांनाही हे कोडे घातले असते तर आवडले असते.

सारखी घाईने लिहून ही उच्चारदर्शक अक्षरे झिजली, वळणदार झाली, आणि नवव्या-दहाव्या शतकांत त्यांतून हिरागाना तयार झाली. तिला ‘बायकांचा हात’ असे नाव होते, कारण दरबारी पुरुष चिनीत लिहिण्यात प्रतिष्ठा मानीत. इ. स. ९३५ च्या सुमारास की नो त्सुरायुकी या कवीला तोसा प्रांताहून परतीच्या प्रवासाची रोजनिशी मायबोलीत लिहावीशी वाटली तेव्हा त्याने ती एका स्त्रीच्या नावाने लिहिल्याचा बहाणा केला. ‘गेंजी’ची प्रचंड कथा लिहिणाऱ्या मुरासाकी शिकिबू या स्त्रीला अर्थात असल्या बहाण्याची गरज नव्हती; जे शिष्ट पुरुष आपल्या विद्वत्तेच्या ऐटीत चिनीत लिहीत बसले त्यांचे लेखन आज तज्ज्ञांपुरते उरले आहे, ही काळाने केलेली थट्टाच म्हणावयाची.

आजच्या जपानी वाक्यात तिन्ही प्रकार एकत्र नांदतात. शब्दाचा गाभा कांजीत, प्रत्यय व क्रियापदाचे शेपूट हिरागानात, आणि परदेशी शब्द काताकानात. ‘जाणे’ या अक्षरापुढे एक शेपूट आले की ‘इकु’, म्हणजे जातो. दुसरे आले की ‘ओकोनाउ’, म्हणजे आचरतो, पार पाडतो. शेपटावरून गाभ्याचा उच्चार ओळखावयाचा, ‘१ला’प्रमाणेच. याच अक्षराचे चिनी वळणाचे उच्चार पुन्हा तीन आहेत: मिरवणुकीच्या ‘ग्योरेत्सु’ शब्दात ‘ग्यो’, बँकेच्या ‘गिन्को’ शब्दात ‘को’, आणि कागदी दिव्याच्या ‘आन्दोन’ या नावात ‘आन’. याचे कारण ऐतिहासिक आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर कोरियामार्गे दक्षिण चीनचे उच्चार आधी आले. मग सातव्या-आठव्या शतकांत चीनच्या तांग राजधानीस गेलेल्या वकिलांनी तेथील उच्चार शुद्ध म्हणून आणले. आणि त्यानंतर झेन पंथाचे भिक्षू व व्यापारी तिसरी खेप घेऊन आले. नव्या उच्चारांनी जुन्यांना बरखास्त केले नाही. कार्य या शब्दापासून झिजून झालेले काज आपल्याकडे आहे आणि संस्कृतातून पुन्हा जसेच्या तसे उचललेले कार्यही आहे, तद्वतच.

जोडीला मिळून एकच नाव देण्याचा दीड-अडीचचा प्रकारही तेथे आहे. ‘हा’ आणि ‘दिवस’ अशी दोन अक्षरे आली तर त्यांचे वाचन ‘क्यो’, म्हणजे आज. यातील कोणता आवाज कोणत्या अक्षराचा असे विचारण्यात अर्थ नाही. व्यक्तिनामांत तर असा सुळसुळाट आहे की परिचय करून देताना आपले नाव कोणत्या अक्षरांनी लिहितात हेही सांगावे लागते, आणि अर्जाच्या छापील नमुन्यात नावाच्या वर त्याचा उच्चार काना लिपीत, म्हणजे हिरागानात किंवा काताकानात, भरण्यासाठी निराळा रकाना राखलेला असतो.

या सगळ्यात हिंदुस्थानचा हात किती, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू इ. स. ७३६ मध्ये जपानात पोहोचला आणि ७५२ मध्ये नारा येथील तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा, म्हणजे हाती कुंचला घेऊन बाहुल्या रंगवण्याचा, विधी त्याच्याकडून करवण्यात आला. कुकाइ हा जपानी आचार्य ८०६ साली चीनहून परतला तेव्हा त्याने सिद्धम् या भारतीय लिपीतील मंत्रग्रंथ बरोबर आणले. ती लिपी भारतात लोपली, पण जपानी भिक्षू तिची बीजाक्षरे कुंचल्याने आजही रेखतात. स्मशानात थडग्यामागे उभ्या केलेल्या लाकडी पट्ट्यांवर आकाश, वायू, अग्नी, जल व पृथ्वी या पंचमहाभूतांची ख, ह, र, व, अ ही अक्षरे वरून खाली लिहिलेली असतात. सिद्धम् शिकताना वर्णमालेचा उच्चारस्थानांनुसार लावलेला क्रम तेथील पंडितांच्या अंगवळणी पडला, आणि त्या अभ्यासातूनच काना अक्षरांचा आजचा अनुक्रम बसला: आधी अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ‘स’ हा आपल्या चवर्गाच्या जागी आणि ‘ह’ हा पवर्गाच्या जागी आला आहे, कारण या ओळींचे प्राचीन उच्चार निराळे होते, एवढे सांगितले की क्रमाची ओळख पटते. जपानी शब्दकोश या क्रमाने लावलेले असतात. आठवड्याचे वारही आपल्याच ग्रहांचे: सूर्य, चंद्र, अग्नी म्हणजे मंगळ, जल म्हणजे बुध, काष्ठ म्हणजे गुरू, सुवर्ण म्हणजे शुक्र आणि मृत्तिका म्हणजे शनी, ते सांगणारा ज्योतिषाचा ग्रंथही कुकाइच्याच सामानात होता.

उसन्या भांडवलावर जपान्यांनी काही स्वतःची अक्षरेही पाडली. डोंगराच्या खुणेशेजारी ‘वर’ व त्याखाली ‘खाली’ अशी दोन अक्षरे लिहून घाटमाथ्यासाठी केलेले ‘तोगे’ हे अक्षर सह्याद्रीत वावरलेल्या कोणालाही पसंत पडेल. माणूस आणि हालचाल मिळून ‘काम करणे’. हे अक्षर उलट चीनलाही एके काळी उसने गेले.

इतका खटाटोप कशाला, सरळ काना लिपीत का लिहू नये, हा प्रश्न जपान्यांनीच प्रथम विचारला. १८६६ मध्ये माएजिमा हिसोका याने शोगुनाकडे चिनी अक्षरे रद्द करण्याचा अर्ज गुदरला. मुलांची उमेदीची वर्षे अक्षरे गिरवण्यात खर्ची पडतात, हा त्याचा मुद्दा खोडून काढणे कठीण आहे. हाच गृहस्थ पुढे आधुनिक जपानी टपालखात्याचा संस्थापक झाला. मोरी आरिनोरी याने तर भाषाच बदलून इंग्रजी स्वीकारण्याची कल्पना मांडली. अर्ज दफ्तरदाखल झाले आणि घडले ते नेमके उलट. पश्चिमेकडून आलेल्या विद्यांसाठी हजारो नवे शब्द चिनी अक्षरांच्या जोड्या लावूनच पाडण्यात आले: निशि आमाने याने तत्त्वज्ञानासाठी ‘तेत्सुगाकु’ हा शब्द दिला, आणि वीज व बोलणे मिळून ‘देन्वा’ म्हणजे टेलिफोन झाला. यांतील कित्येक शब्द चीनने परत उचलले. आपल्याकडे शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश रचला, पुढेही संस्कृत प्रतिशब्द टाकसाळीतून निघत राहिले. परंतु त्यांतील बरेचसे कचेरीच्या पाटीवरच राहिले आणि ग्वाल्हेरच्या लष्करातील माणूस तहसीलीतच जात राहिला. जपान्यांचे शब्द रुळले याचे श्रेय, माझ्या मते, अक्षरांना आहे: शब्द प्रथमच भेटला तरी त्यातील दोन अक्षरे ओळखीची असतात, आणि अर्थाचा अंदाज डोळ्यांनीच येतो.

या सोयीची किंमतही पडली. चिनी वळणाचे उच्चार आखूड असल्याने एकाच आवाजाचे शब्द बेसुमार वाढले. ‘कागाकु’ म्हणजे विज्ञान आणि ‘कागाकु’ म्हणजे रसायनशास्त्र. ‘शिरित्सु’ म्हणजे खासगी आणि ‘शिरित्सु’ म्हणजे नगरपालिकेचे, आणि शाळेविषयी बोलताना हा घोटाळा रोजचा. लिहिलेले असेल तर संशय नाही. बोलताना मात्र माणसे हवेत किंवा तळहातावर बोटाने अक्षर काढून दाखवतात. कांजी काढून टाकाव्यात तर असे शब्दही बदलावे लागतील, हे ध्यानात आल्यावर सुधारकांचा जोर बराचसा ओसरला.

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर अमेरिकी शिक्षणमंडळाने रोमन लिपीची शिफारस केली. १९४८ साली देशभर साक्षरतेची पाहणी झाली, तीत अगदी निरक्षर माणसे शेकडा दोनच्या आसपासच निघाली. मग ती शिफारस आपोआप खारीज झाली. तत्पूर्वी १९४६ मध्येच सरकारने नित्य व्यवहारासाठी १,८५० अक्षरांची यादी मंजूर केली होती; १९८१ मध्ये ती १,९४५ ची झाली. याच काळात मोरोहाशी तेत्सुजी यांचा महाकोश चालू होता. १९४५ च्या हवाई हल्ल्यात त्याच्या छपाईचे सर्व साहित्य जळून गेले, संपादकाच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, आणि तरीही सुमारे ५०,००० अक्षरांचा तो तेरा खंडांचा कोश १९६० मध्ये पुरा झाला. यंत्रांची रडकथा निराळीच. सुगिमोतो क्योता याने १९१५ मध्ये पेटंट घेतलेल्या जपानी टंकयंत्राच्या तबकात सुमारे २,४०० खिळे होते, आणि टंकलेखक एकेक शोधून उचलीत असे. १९७८ मध्ये तोशिबा कंपनीने जाहीर केलेल्या यंत्रात प्रथमच काना लिपीत उच्चार टाकला की कांजी समोर येऊ लागली. त्या यंत्राची किंमत होती ६३ लाख येन. आज तीच करामत शाळकरी पोराच्या खिशातल्या फोनात आहे, आणि वाचता येणारी पण हाताने लिहिता न येणारी अक्षरे वाढत चालली आहेत, अशी तेथील वडीलधाऱ्यांची ओरड आहे.

जपानने आपले लेखन जसेच्या तसे राखले असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. १९०० साली शाळांसाठी प्रत्येक आवाजाला हिरागानाचे एकच अक्षर ठरवण्यात आले. तोवर एका आवाजाची अनेक रूपे सर्रास चालत. त्या जुन्या धावत्या लिपीला कुझुशिजी म्हणतात, आणि कोठारांत पडलेल्या तिच्यातील असंख्य दस्तऐवजांना वाचू शकणारे लोक आज थोडे आहेत. मोडीची आपल्याकडे तीच गत झाली. ग्वाल्हेरच्या सरदार घराण्यांच्या पेट्यांतील कागद ज्यांच्या मालकीचे आहेत त्यांना ते वाचता येत नाहीत. संगणकाला कुझुशिजी वाचावयास शिकवण्याचे काम जपानात जोमाने चालले आहे. मोडीसाठी असे काही मोठ्या प्रमाणावर झाले तर आमच्या इतिहासाची निम्मी साधने मोकळी होतील.

२०१० मध्ये नित्य अक्षरांची यादी पुन्हा तपासण्यात आली. पाच अक्षरे वगळली गेली, त्यांत मोन्मे हे वजन आणि शाकु हे माप यांची दोन होती, कारण आपल्या छटाक-पावशेराप्रमाणे ती मापेही व्यवहारातून उठली. १९६ नवी घेतली गेली आणि एकूण २,१३६ झाली. नव्यांत खिन्नतेचे एक अक्षर आहे, त्याच्या रेघा २९. सगळी अक्षरे हाताने लिहिता आलीच पाहिजेत असा आग्रह आता उरला नाही, म्हणूनच त्याला प्रवेश मिळाला. डोंगराची कड असा अर्थ असलेले ‘ओका’ हे अक्षरही त्याच खेपेस आत आले. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे यांच्या नावाने जे जपानी पद्धतीचे उद्यान आहे ते ज्या ओकायामा शहराच्या मैत्रीखातर उभारले, त्या शहराच्या नावातील हे पहिलेच अक्षर. शतकानुशतके नकाशावर असूनही सरकारी यादीत ते नव्हते. २०२० पासून प्राथमिक शाळेच्या १,०२६ अक्षरांत प्रांतांच्या नावांतील वीस अक्षरांची जी भर पडली तीत त्याचाही समावेश झाला, आणि ओकायामाची मुले आता आपल्या गावाचे नाव चौथीतच शाळेत लिहावयास शिकतात.